ईआरके-२ जेलवर शुद्ध, पण अ‍ॅसेमध्ये गप्प: बिघाड कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मानवी ईआरके-२ हे कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम, ई. कोलाय जिवाणूच्या बीएल-२१ (डीई-३) जातीत बनवलंत. हिस-टॅगच्या (प्रथिनाला जोडलेल्या हिस्टिडिनच्या शेपटीच्या) आधारे निकेल कॉलमवर धरलंत, मग आकारानुसार वेगळं करणाऱ्या साइझ-एक्स्क्लूजन कॉलममधून काढलंत. जेलवर ४२ किलोडाल्टनच्या आसपास एकच ठसठशीत बँड आला. मायलिन बेसिक प्रोटीन सब्सट्रेट (ज्यावर फॉस्फेट चढायचं ते प्रथिन) म्हणून घालून एडीपी-ग्लो ही चाचणी, म्हणजे क्रियेत तयार होणारा एडीपी प्रकाशानं मोजणारी अ‍ॅसे केली, तर रीडिंग ब्लँकच्या जेमतेम वर. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं त्याच जिवाणूत, जवळपास त्याच पद्धतीनं पीकेए या दुसऱ्या कायनेजचं कॅटॅलिटिक सबयुनिट (प्रत्यक्ष काम करणारा भाग) बनवलं आणि ते पहिल्या अ‍ॅसेपासून व्यवस्थित चालतंय. गाइडचं म्हणणं, प्रथिनाची घडी चुकली असणार, कीटकपेशींकडे वळा. तुम्ही विचारताय, वळू का? आणि जिवाणूत बनवलेल्या कायनेजवरून पेशीतल्या सिग्नलिंगबद्दल काही बोलणं कितपत योग्य?

कीटकपेशींकडे आत्ताच वळू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून प्रथिन ठणठणीत असावं. साइझ-एक्स्क्लूजनमधून ते एका नीट, सममित पीकमध्ये बाहेर आलं असेल, व्हॉइडमध्ये (गुठळ्या जिथे सर्वांत आधी बाहेर पडतात तिथे) गोळा होऊन नाही, तर घडी चुकल्याचा संशय बराचसा मिटतो. ते काम करत नाही, कारण त्याला चालू करणारं कोणी ई. कोलायमध्ये नसतं. तुमच्या हातात आहे ते बंद अवस्थेतलं, पण निरोगी ईआरके-२.

मैत्रिणीच्या पीकेएशी केलेली तुलना इथे दिशाभूल करते. मानवी जीनोममध्ये प्रोटीन कायनेजची ५१८ जनुकं असल्याची यादी २००२ साली प्रसिद्ध झाली. या सगळ्यांचा गाभा सारखा असतो: दोन खंड, मधल्या खाचेत एटीपी, आणि एटीपीचं शेवटचं फॉस्फेट उचलून सब्सट्रेटच्या सेरीन, थ्रिओनिन किंवा टायरोसिनवर चढवायचं. गाभा सारखा, पण कुलूप प्रत्येकाचं वेगळं. पीकेएचं कुलूप एका वेगळ्याच प्रथिनात असतं. पेशीत त्याच्या कॅटॅलिटिक सबयुनिटला रेग्युलेटरी सबयुनिट धरून ठेवतं, सायक्लिक एएमपी आला की पकड सुटते. मैत्रिणीनं फक्त कॅटॅलिटिक सबयुनिट बनवलं, म्हणजे धरून ठेवणारा पहिल्यापासूनच गैरहजर. शिवाय पीकेएला सक्रिय व्हायला थ्रिओनिन-१९७ वर जे फॉस्फेट लागतं, ते पीकेए जिवाणूत स्वतःच स्वतःला लावून घेतं. त्यामुळे ते कॉलमवरून उतरतं तेच चालू अवस्थेत. १९९१ साली कायनेजची पहिली स्फटिकरचना मिळाली तीही पीकेएची, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या सुझन टेलर यांच्या गटाकडून. इतकं समजूतदार कायनेज आधी हाती लागलं म्हणून आपल्या सगळ्यांच्या अपेक्षा थोड्या बिघडल्या आहेत, असं माझं मत.

ईआरके-२ चं कुलूप त्याच्या स्वतःच्याच अंगात आहे. त्याच्या अ‍ॅक्टिव्हेशन लूपमध्ये थ्रिओनिन-ग्लुटामेट-टायरोसिन असा तिघांचा क्रम येतो. मानवी प्रथिनात हे थ्रिओनिन १८५ वं आणि टायरोसिन १८७ वं. उंदराच्या (रॅटच्या) प्रथिनात हेच आकडे १८३ आणि १८५ होतात, तेव्हा जुने पेपर वाचताना गोंधळू नका, जागा त्याच आहेत. या दोन्हींवर फॉस्फेट चढलं तरच ईआरके-२ पूर्ण ताकदीनं चालतं. आणि ती दोन्ही फॉस्फेट चढवण्याचं काम पेशीत मेक-१ आणि मेक-२ ही कायनेज करतात. थ्रिओनिन आणि टायरोसिन दोन्हींवर फॉस्फेट लावू शकणारी कायनेज मोजकीच, मेक त्यातलं एक. एसटीच्या कंडक्टरनं एक घंटी मारली तर गाडी थांबते, निघायला डबल बेल लागते. ईआरके-२ तसंच आहे. एका फॉस्फेटवर ते जवळजवळ जागचं हलत नाही. दोन्ही चढली की त्याची क्रियाशीलता हजार पटींहून जास्त वाढते. ई. कोलायमध्ये मेक नाही, म्हणजे घंटी मारणाराच नाही.

असं का होतं हे रचनेत स्पष्ट दिसतं. डॅलसच्या साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरमधल्या गटांनी फॉस्फेट नसलेल्या ईआरके-२ ची रचना १९९४ मध्ये आणि दोन्ही फॉस्फेट असलेल्याची १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. बंद अवस्थेत ते टायरोसिन आत दडलेलं असतं आणि सब्सट्रेट जिथे टेकायला हवं ती जागा नीट घडलेली नसते. दोन्ही फॉस्फेट चढली की लूप नव्यानं घडी घेते, दोन खंड एकमेकांच्या जवळ येतात आणि प्रोलीनसाठी एक खोबण तयार होते. म्हणूनच ईआरके-२ सेरीन किंवा थ्रिओनिनच्या लगेच पुढे प्रोलीन असलेल्या जागा पसंत करतं. मेकला आत दडलेलं टायरोसिनही गाठता येतं, आणि गंमत म्हणजे सहसा तेच आधी फॉस्फोरिलेट होतं, थ्रिओनिन नंतर.

तरीही गाइडच्या शंकेला पुराव्यानं उत्तर द्यायला हवं. माझ्याकडे कोणी असं प्रथिन घेऊन आलं तर मी आधी अ‍ॅसेकडेच बघते, कारण तिथल्या साध्या गोष्टी प्रथिनाच्या नावावर खपतात. एटीपीचा डायसोडियम क्षार नुसत्या पाण्यात विरघळवला की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. स्टॉक उदासीन केलेला नसेल तर प्रत्येक वेलचा पीएच खाली जातो, आणि स्टॉक जास्त वापरला तर बफरचाही इलाज चालत नाही. दुसरं मॅग्नेशियम. कायनेजला लागतो तो मॅग्नेशियम जोडलेला एटीपी. साठवणीच्या बफरमध्ये ईडीटीए असेल तर तो मॅग्नेशियम ओढून घेतो. एटीपी आणि ईडीटीए यांची बेरीज करून मॅग्नेशियम त्याहून भरपूर वर ठेवा. १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड सहसा पुरतं. तिसरं, त्याच प्लेटवर मैत्रिणीचं पीकेए लावा. मायलिन बेसिक प्रोटीन पीकेएलाही चालतं. ते चमकलं तर तुमची रसायनं आणि रीडर बरोबर आहेत, आणि चर्चा खरोखर ईआरके-२ वर येते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. ही अ‍ॅसे मोजते एडीपी. फॉस्फेट कुठे गेलं हे तिला कळत नाही. जिवाणूतलं डीएनएके हे ७० किलोडाल्टनचं शॅपरोन निकेल कॉलमवरून बऱ्याचदा सोबत येतं आणि ते एटीपी फोडतं. थोड्या प्रमाणात आलं तर कुमासीनं रंगवलेल्या जेलवर दिसणारही नाही, आणि तुम्ही अ‍ॅसेत ईआरके-२ भरपूर घातलंत तर त्याच्यासोबत तेही भरपूर जाईल. तुम्हाला ब्लँकच्या ‘जेमतेम वर’ जे दिसतंय, ते ईआरके-२ चं आहे असंही गृहीत धरू नका. सब्सट्रेट न घालता एक रांग लावा. सब्सट्रेटविना रीडिंग तेवढंच आलं, तर तो एडीपी बहुधा भलत्याच ठिकाणाहून येतोय.

आता प्रथिनाची अवस्था. यासाठी तीन मार्ग आहेत आणि मी बहुतेकदा तिन्ही वापरते. दोन्ही फॉस्फेट असलेला लूप ओळखणाऱ्या अँटिबॉडीनं वेस्टर्न ब्लॉट करा. सोबत एकूण ईआरके-२ ओळखणारी दुसरी अँटिबॉडी. एकूण भरपूर आणि फॉस्फो शून्य असं दिसलं की गाइडना दाखवायला चित्र तयार. थर्मल शिफ्ट करा: डाय घालून तापमान हळूहळू वाढवायचं आणि प्रथिन कुठे वितळतं ते बघायचं. नीट घडी असलेलं प्रथिन एका तापमानाला सरळ चढण दाखवतं, बिघडलेलं सुरुवातीपासूनच उंच चमकत राहतं. घडीच्या प्रश्नाचं हे सर्वांत स्वस्त उत्तर. रिअल-टाइम पीसीआर मशीन असलं की झालं.

तिसरा मार्ग, अख्ख्या प्रथिनाचं मास स्पेक्ट्रम, हा मला सर्वांत जास्त पटतो. एक फॉस्फेट म्हणजे ८० डाल्टनची भर, दोन म्हणजे १६०. रिपोर्ट वाचताना मात्र घाई नको. पहिलं मेथिओनिन जिवाणूत कापलं गेलं असेल तर १३१ डाल्टन कमी दिसतील. आणि एन-टोकाला हिस-टॅग असेल तर ई. कोलायमध्ये त्यावर ग्लुकोनॉइल गट बसण्याची खोड आहे: १७८ डाल्टनची भर, कधी त्यावर फॉस्फेटसह २५८. मुख्य पीकशेजारी असा जोडीदार दिसला की विद्यार्थी ‘दोन फॉस्फेट अधिक थोडं काहीतरी’ असा अर्थ लावून मोकळे होतात. १७८ म्हणजे १६० नव्हे. चांगल्या उपकरणावर एवढ्या आकाराच्या प्रथिनाची चूक एक-दोन डाल्टनच्या पलीकडे जात नाही, तेव्हा १८ डाल्टनचा फरक हा फरकच असतो. टॅग टीईव्ही प्रोटिएजनं कापून पुन्हा मास घेतलंत तर हे पाहुणे टॅगबरोबर निघून जातात आणि चित्र स्वच्छ होतं.

अवस्था कळली की चालू करण्याचे दोन रस्ते. पहिला, शुद्ध ईआरके-२ वर सक्रिय मेक-१ ची प्रक्रिया करायची. मेक-१ स्वतःसुद्धा राफ या साखळीतल्या वरच्या कायनेजकडून सेरीन-२१८ आणि सेरीन-२२२ वर फॉस्फेट मिळाल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे लोक त्या दोन जागी ग्लुटामेट किंवा अ‍ॅस्पार्टेट बसवलेलं, एन-टोकाकडचा छोटा भाग काढलेलं, कायम चालू राहणारं रूप वापरतात. ते ई. कोलायमध्ये बनतं. दुसरा रस्ता, हे चालू मेक-१ आणि ईआरके-२ एकाच जिवाणूत एकदम बनवायची. हे १९९७ सालीच करून दाखवलेलं आहे, म्हणजे सिग्नलिंगचा एक अख्खा टप्पा जिवाणूत उभा करता येतो.

कुठला निवडायचा, हे परिस्थितीवर आहे. एकदाच थोडं प्रथिन हवं असेल, किंवा तुमच्याकडे आधीच चांगलं बंद ईआरके-२ आहे जसं आत्ता आहे, तर पहिला. वारंवार मिलिग्रॅमनी लागणार असेल तर दुसरा. सुरुवातीची मेहनत जास्त, नंतर सुख. पहिल्या रस्त्यात मी मेक मोलच्या हिशेबात ईआरकेच्या विसाव्या ते पन्नासाव्या हिश्शापासून सुरू करते, एटीपी १ मिलिमोलर, मॅग्नेशियम १०, ताजं डीटीटी, ३० अंश सेल्सियस, आणि दर काही मिनिटांनी थोडा नमुना काढून थांबवते. किती वेळ पुरेल हे मेकची बॅच ठरवते, त्यामुळे दुसऱ्याच्या प्रोटोकॉलमधला वेळ डोळे मिटून घेऊ नका. मेकवर जीएसटी-टॅग आणि ईआरकेवर हिस-टॅग असे वेगळे टॅग ठेवले की नंतर मेक बाजूला काढणं सोपं जातं. आणि एडीपी-ग्लो करणार असाल तर या प्रक्रियेतला उरलेला एटीपी-एडीपी डीसॉल्टिंग कॉलमनं किंवा साइझ-एक्स्क्लूजननं काढल्याशिवाय पुढे जाऊच नका. नाहीतर ब्लँकच आभाळाला जाईल.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते तिथेच दोन बॅचमधल्या विसंगतीचं मूळ असतं. मेकनं काम केलं म्हणजे सगळे रेणू दुहेरी फॉस्फेटचे झाले असं नाही. मिश्रणात शून्य, एक आणि दोन फॉस्फेटचे रेणू एकत्र असतात. फॉस्फेट ऋणभारित, त्यामुळे मोनो-क्यूसारख्या अ‍ॅनायन-एक्स्चेंज कॉलमवर मिठाचा अगदी सावकाश चढता ग्रेडियंट दिला की ते वेगवेगळे उतरतात: आधी बिनफॉस्फेटवाले, मग एकवाले, शेवटी दोनवाले. ग्रेडियंट घाईत चढवलात तर तिन्ही मिळून एकच जाडजूड पीक येतं, त्याला उजवीकडे एक खांदा, आणि आपण खुशाल तो एकत्र गोळा करतो. प्रत्येक फ्रॅक्शनमधला थोडा नमुना वेस्टर्नला आणि थोडा मासला द्या. शेवटच्या पीकमध्ये मासला १६० ची भर आणि फॉस्फो-अँटिबॉडीचा ठळक बँड जुळले की तुमच्याकडे ‘सक्रिय ईआरके-२’ आहे असं निर्धास्त लिहा. मग दहा टक्के ग्लिसरॉल घालून, छोट्या-छोट्या वाट्यांत भरून, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८० ला. एकदा वितळलेली वाटी परत गोठवायची नाही.

कंट्रोल्सचं थोडक्यात सांगते. लायसिन-५४ च्या जागी आर्जिनिन घातलेलं ईआरके-२ कायनेज म्हणून मृत असतं. त्यालाही मेक लावून, तोच सगळा प्रवास घडवून मग अ‍ॅसेत घाला. त्यात रीडिंग आलं तर ते मेकचं किंवा जिवाणूतल्या कचऱ्याचं. ईआरकेचं विशिष्ट निरोधक, उदाहरणार्थ एससीएच-७७२९८४, घालून रीडिंग पडतं का बघा. स्टॉरोस्पोरिन इथे उपयोगाचं नाही. ते इतक्या कायनेजना अडवतं की रीडिंग पडलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. लॅम्ब्डा फॉस्फेटेज लावून फॉस्फेट काढलं की क्रिया बंद पडायला हवी, पण अ‍ॅसेपूर्वी ते फॉस्फेटेज काढायचं विसरू नका. आणि वेळेच्या रेषेत काम करा: सब्सट्रेटचा साधारण दहा टक्के भाग वापरला जाईपर्यंतचीच मापं घ्या, त्यापुढे वेग सांगणारा आकडा उरत नाही.

आता कीटकपेशी. गाइडची सूचना सर्वसाधारण कायनेजसाठी चुकीची नाही. एकेटीसारखं पूर्ण लांबीचं कायनेज मी जिवाणूत करायला जाणार नाही. त्याला पीडीके-१ कडून थ्रिओनिन-३०८ वर आणि एमटॉरच्या दुसऱ्या संकुलाकडून सेरीन-४७३ वर फॉस्फेट हवं, आणि कीटकपेशीत ही यंत्रणा बऱ्यापैकी हजर असते. सार्क आणि एबल ही टायरोसिन कायनेज तर जिवाणूत उलटाच त्रास देतात. ती चालू होऊन जिवाणूची स्वतःची प्रथिनं फॉस्फोरिलेट करत सुटतात, जिवाणू वाढत नाही. त्यावर २००५ साली उपाय सापडला तो म्हणजे येर्सिनिया जिवाणूचं योप-एच हे फॉस्फेटेज सोबत बनवायचं, म्हणजे चढलेलं फॉस्फेट लगेच उतरतं. ईआरके-२ ला असलं काही लागत नाही, ते ई. कोलायमध्ये भरपूर आणि विरघळलेल्या रूपात येतं. कीटकपेशीत ते काही प्रमाणात चालू होऊनही येईल, पण किती प्रमाणात हे पेशी कुठल्या अवस्थेत काढल्या यावर ठरेल. म्हणजे खर्च आणि महिने वाढवून तुम्ही हातात घेणार ते पुन्हा मिश्रणच.

आणखी एक बाब गाइडशी बोलताना उपयोगी पडेल: सगळ्या कामांना सक्रिय कायनेज लागतच नाही. निरोधक कसं बसतं याची स्फटिकरचना करायची असेल, तर बंद ईआरके-२ जास्त एकजिनसी म्हणून सोयीचं. अँटिबॉडी तपासायची तर दोन्ही अवस्था शेजारीशेजारी हव्यात. औषधांच्या बाबतीत अवस्थेचा फरक किती जड असू शकतो, याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरचं इमॅटिनिब. ते एबलच्या बंद आकाराला चिकटतं. लूपवर फॉस्फेट चढलेल्या एबलवर त्याचा जोर बराच कमी पडतो. नुसतं ‘एबल’ म्हणून दोन प्रयोगशाळांनी दोन अवस्था तपासल्या, तर आकडे जुळणार नाहीत आणि दोघांपैकी कोणाचंच चुकलेलं नसेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे यातून सिग्नलिंगबद्दल काय कळतं. बरंच कळतं, पण कोणत्या पातळीवरचं, हे स्पष्ट ठेवून. पेशीबाहेर ईजीएफ हा वाढीचा संकेत आला, त्याच्या रिसेप्टरनं पकडला, ग्रब-२ आणि सॉस या मध्यस्थ प्रथिनांमार्फत रास हे प्रथिन चालू झालं, रासनं राफला पटलाजवळ ओढलं, राफनं मेकला आणि मेकनं ईआरकेला फॉस्फेट दिलं. ही साखळी तुम्हाला पाठ असेल. एकामागून एक तीन कायनेज कशाला, एक पुरलं नसतं का, हा प्रश्न मात्र क्वचित कोणी विचारतं. याचं एक उत्तर शुद्ध प्रथिनांनीच दिलं. मेक एकदा ईआरकेला भेटून एकच फॉस्फेट लावतं, सोडून देतं, आणि दुसरं लावायला पुन्हा भेटावं लागतं. हे १९९७ साली शुद्ध घटक वापरून दाखवलं गेलं. दोन स्वतंत्र भेटी लागतात म्हणून थोडासा संकेत वाया जातो आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की ईआरके झपकन पेटतं. हुआंग आणि फेरेल यांनी १९९६ मध्ये बेडकाच्या अंड्याच्या अर्कात हा प्रतिसाद मोजला आणि गणितानंही तपासला. या साखळीचा हिल गुणांक (प्रतिसाद किती झपकन चढतो याचं माप) ५ च्या आसपास निघाला. एरवी साध्या एन्झाइमसाठी तो १ असतो. तुमचं बंद प्रथिन अ‍ॅसेमध्ये जे करतंय, म्हणजे दोन फॉस्फेट मिळेपर्यंत अजिबात न हलणं, तेच पेशीत हा स्विच शक्य करतं. ईआरके-२ पीकेएसारखं स्वतःहून चालू झालं असतं तर तुमची अ‍ॅसे सोपी झाली असती आणि पेशीची वाट लागली असती.

पण काही गोष्टी शुद्ध प्रथिनाला माहीतच नसतात. वेळ ही त्यातली पहिली. उंदराच्या (रॅटच्या) अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीपासून केलेल्या पीसी-१२ पेशी घ्या. त्यांना ईजीएफ दिलं की ईआरके काही मिनिटांत चढतं आणि लवकरच उतरतं, पेशी विभाजित होत राहतात. एनजीएफ (चेतापेशींचा वाढ-घटक) दिलं की ईआरके तासन्‌तास चढलेलं राहतं, आणि त्याच पेशी विभाजन थांबवून चेतापेशींसारखे लांब फाटे काढतात. कायनेज तेच, लूप तोच, फॉस्फेटही तेवढीच. फरक चालू राहण्याच्या काळाचा, आणि तो काळ ठरवण्यात फॉस्फेटेजचा मोठा हात असतो. डीयूएसपी-६ हे ईआरकेवरची फॉस्फेट उतरवणारं फॉस्फेटेज ईआरकेच्याच क्रियेमुळे जास्त बनतं. तुमच्या ट्यूबमध्ये ते नाही, त्यामुळे तिथे एकदा चालू झालेलं ईआरके चालूच राहतं.

दुसरी गोष्ट निवडीची. ईआरके-२ च्या अंगावर सक्रिय खाचेपासून दूर अशा दोन पकडण्याच्या जागा आहेत, तिथे आरएसके, एल्क-१ यांसारखी खरी सब्सट्रेट प्रथिनं आधी टेकतात. एक जागा बिघडवली की काय होतं, हे फळमाशीच्या ‘सेव्हनमेकर’ म्युटेशननं दाखवलं: एका अ‍ॅस्पार्टेटचं अ‍ॅस्पॅराजिन झालं, फॉस्फेटेजला नीट पकड मिळेना, आणि ईआरके गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहिलं. तुमचं मायलिन बेसिक प्रोटीन हे नुसतं सोयीचं सब्सट्रेट आहे, अनेक कायनेज त्याला फॉस्फेट लावतात. त्याच्यावरचा वेग म्हणजे एन्झाइम चालू आहे एवढाच दाखला. ट्यूबमध्ये एन्झाइम भरपूर, वेळ तासभर आणि दुसरं काही करायला नाही, अशी स्थिती असली की सेरीन-प्रोलीन असलेलं जवळजवळ कुठलंही प्रथिन फॉस्फेट घेतं. म्हणून ‘ईआरके-२ अमुक प्रथिनाला फॉस्फोरिलेट करतं’ असं लिहायचं असेल, तर ट्यूबचा निकाल ही सुरुवात समजा. पेशीला ईजीएफ द्या, ती जागा फॉस्फोरिलेट होते का बघा, मग मेकचं निरोधक ट्रॅमेटिनिब किंवा यू-०१२६ देऊन ती थांबते का बघा, आणि ती सेरीन अ‍ॅलानिन करून ट्यूब आणि पेशी दोन्हीकडे संकेत नाहीसा होतो का ते तपासा. ट्रॅमेटिनिबनं थांबलं म्हणजे थेट ईआरकेचंच काम, असंही नाही. ते आरएसकेचं असू शकतं, कारण आरएसके हेही कायनेज आहे आणि साखळीत ईआरकेच्या खाली बसतं. तिथेच तुमचं शुद्ध, सक्रिय ईआरके-२ परत उपयोगी पडतं: आरएसके नसलेल्या ट्यूबमध्ये ती जागा फॉस्फेट घेते का, हे फक्त तेच सांगू शकतं.

तयार सक्रिय ईआरके-२ विकत घ्यायचा विचार असेल तर चालेल, पण कुठल्या पेशीत बनवलंय, कशानं चालू केलंय आणि युनिटची व्याख्या काय, हे डेटाशीटवर बघा. एका विक्रेत्याचं युनिट दुसऱ्याच्या युनिटशी जुळेलच असं नाही. कोणतं सब्सट्रेट, किती एटीपी, कोणतं तापमान, यावर ते ठरतं. कोरड्या बर्फात आलेला डबा उघडल्यावर बर्फ शिल्लक होता का, हेही नोंदवहीत लिहून ठेवा. मार्च ते जूनमध्ये तर नक्कीच.

आत्ता तुमच्या हातात असलेल्या बॅचवर थर्मल शिफ्ट, फॉस्फो-वेस्टर्न आणि मास एवढं करा आणि मासचे आकडे इथे टाका. मेक लावण्याआधीच्या नमुन्यात मुख्य पीकशेजारी ८० डाल्टन वर एक लहानसा पीक दिसला तर घाबरू नका, ते दूषित नाही. ईआरके-२ अतिशय मंद गतीनं आपल्याच टायरोसिनवर फॉस्फेट लावून घेतं आणि जिवाणूत थोडे रेणू तसे होतात. थ्रिओनिनवर काही नसल्यामुळे असे रेणू अ‍ॅसेत दिसत नाहीत, पण मोनो-क्यूवर ते मधल्या पीकमध्ये येतील, तेव्हा मेक लावण्याआधीचा एक रन जपून ठेवा.